कोकणात राहून आयटीतली पीएचडी: कामांचा क्रम आणि तो कुठे बिघडतो

पीएचडी रखडली की खापर गाइडवर किंवा विषयावर फुटतं. पण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून नोकरी सांभाळून अर्ज करणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा त्याआधीच झालेला असतो. विषय आधी ठरवला, गाइड नंतर शोधला, नियमावली प्रवेश मिळाल्यावर वाचली, आणि लागणारा डेटा वर्षातून फक्त तीन महिने मिळतो हे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाल्यावर कळलं. खालचे टप्पे मात्र दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. नियम यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी विनियमांतले आहेत. विद्यापीठ त्यावर स्वतःच्या अटी घालू शकतं, म्हणून आपल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक शेजारी उघडून ठेवा.

## टप्पा १: पात्रता आणि विद्याशाखा

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, किंवा चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सूट. इथे सहसा कोणी अडकत नाही. अडकतात ते विद्याशाखेत.

आयटी हा एकच विषय वाटतो, पण विद्यापीठाच्या यादीत कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर अॅप्लिकेशन्स असे वेगवेगळे विषय असू शकतात. एमएस्सी आयटी किंवा एमसीए झालेला उमेदवार इंजिनिअरिंगच्या विषयाला अर्ज करतो, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होतो आणि कागदपत्रांच्या पडताळणीत बाद ठरतो. फी परत मिळत नाही, वर्ष तर जातंच. तेव्हा आपली पदवी कोणत्या विषयाला चालते हे पीएचडी विभागाला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या 'चालेल हो'ला काही अर्थ नाही.

विद्यापीठ कोणतं? रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तंत्रज्ञानाच्या बाजूने माणगावजवळ लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. सावंतवाडी-बांद्याकडच्यांना ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडतं. कोकणात राहता म्हणून मुंबईलाच अर्ज करायला हवा असं काही नाही.

सावध: 'घरबसल्या दोन वर्षांत पीएचडी' अशा जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. प्रवेशाच्या तारखेपासून किमान तीन वर्षं लागतातच, आणि दूरशिक्षणाने केलेली पीएचडी मान्य नाही. परदेशी संस्थांशी टाय-अप करून खासगी कंपन्या ज्या ऑनलाइन पीएचडी विकतात, त्यांनाही यूजीसीची मान्यता नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पुढच्या पाच वर्षांसाठी पीएचडीचे प्रवेश देण्यास मनाई केली. पैसे भरण्यापूर्वी यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव शोधा, मान्यतेच्या यादीत आणि बोगस विद्यापीठांच्या यादीतही.

## टप्पा २: गाइड, आणि त्याच्याकडची रिकामी जागा

गाइड चांगला असून भागत नाही, त्याच्याकडे जागा असावी लागते. प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे गणित परीक्षेचा फॉर्म भरण्यापूर्वी करायचं. परीक्षा उत्तीर्ण होऊनही गाइड न मिळाल्यामुळे बाहेर राहणारे दरवर्षी असतात.

दहाबारा नावांची यादी करा. प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहा: मान्यता कोणत्या विषयात आहे, सध्या किती विद्यार्थी आहेत, निवृत्तीचं वर्ष, मागच्या तीन वर्षांतले शोधनिबंध, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळायला लागलेला काळ. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि कोणीच बघत नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात गाइडच्या नावाने शोधलं की त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध दिसतात. नोंदणीचं आणि सादरीकरणाचं वर्ष बहुधा प्रबंधातच मिळतं.

मग ईमेल. बहुतेक ईमेल असा असतो: 'आदरणीय सर, मला आर्टिफिशियल इंटेलिजन्समध्ये पीएचडी करायची आहे, कृपया मार्गदर्शन करावे.' सोबत चार पानी बायोडेटा. याला उत्तर येत नाही. उत्तर येतं ते अशाला: 'आदरणीय मॅडम, पानांच्या छायाचित्रांवरून रोग ओळखण्यावरचा आपला शोधनिबंध वाचला. त्यात सगळी छायाचित्रं एकाच बागेतली आहेत. दुसऱ्या तालुक्यातल्या बागांवर तेच मॉडेल किती टिकतं, हे तपासण्याची माझी इच्छा आहे. रत्नागिरी आणि देवगडच्या बागांमध्ये छायाचित्रं घेण्याची सोय माझ्याकडे आहे. यंदा आपल्याकडे जागा आहे का?' सात-आठ ओळी पुरतात. एकच मजकूर दहा जणांना पाठवू नका. एका विभागातले लोक चहाला एकत्रच बसतात.

तपासा: निदान दोन गाइडकडून 'जागा आहे, परीक्षा झाली की भेटा' असं लेखी उत्तर आलं आहे का? नसेल तर फॉर्म भरण्याची घाई नको.

## टप्पा ३: पेट की नेट

विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेला सगळे पेट म्हणतात. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. ५० टक्क्यांना उत्तीर्ण, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट. अंतिम गुणवत्तेत परीक्षेचा वाटा ७० टक्के, मुलाखतीचा ३०. आयटीवाले अल्गोरिदम आणि डेटाबेस घोटून जातात आणि संशोधन पद्धतीत मार खातात. सॅम्पलिंग, गृहीतक चाचणी, टाइप-वन आणि टाइप-टू चूक, सहसंबंध (कोरिलेशन) आणि कारण यांतला फरक हा भाग महिनाभर रोज तासभर केला तरी पुरतो.

दुसरा रस्ता नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती); सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश; किंवा फक्त पीएचडी प्रवेश. विषय 'कॉम्प्युटर सायन्स अँड अॅप्लिकेशन्स'. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, एकूण ३०० गुण, सलग तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे विसरून निकाल फाइलला लावून बसू नका.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,०००, त्यावर नियमाप्रमाणे घरभाडं भत्ता. त्यासाठी पूर्णवेळ असावं लागतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी जाहिरातीतली नोंदणीची तारीख नीट वाचा. नोंदणी कधी झाली यावरून अर्ज बाद झाला की मग दाद कुठेच लागत नाही.

## टप्पा ४: विषयाच्या आधी कॅलेंडर

पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला ही पायरी नसली तरी चालते. कोकणात तिच्यावाचून वर्ष वाया जातं. मोठा कागद घ्या, बारा महिन्यांचे रकाने पाडा आणि त्यात हे भरा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हापूसचा मोहोर, मार्च ते मे फळ. आंब्यावर काम असेल तर डेटा याच दिवसांत मिळणार. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळीची छायाचित्रं किंवा लिलावाच्या नोंदी घ्यायच्या असतील तर हे दोन महिने शून्य. पण नौकामालक आणि खलाशांच्या मुलाखतींना याहून चांगला काळ नाही, कारण एरवी ते समुद्रावर असतात. पावसात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून संगणकावर मॉडेल शिकवण्याची (ट्रेनिंगची) लांबलचक कामं जूनपूर्वी उरकायची. गणपतीत आठ-पंधरा दिवस कोणी भेटत नाही, शाळाही बंद, पंचायतही बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडा आणि मोकळा, फिरण्याच्या कामासाठी उत्तम.

आता याच कागदावर विद्यापीठाच्या तारखा टाका. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात एकदा प्रगती मांडावी लागते. तो दिवस कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात पडला तर गाडी रात्रीची पकडून सकाळी थेट कलिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या संकुलात, पोचायचा बेत आखू नका. दरड कोसळली की सगळंच बसतं. एक दिवस आधी निघा. गणपतीच्या आसपासची तारीख असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मिनिटांत संपतं. समितीच्या सचिवांना तारीख लवकर मागून घ्या.

अर्धवेळ विद्यार्थ्यांनी याच वेळी ना हरकत प्रमाणपत्र हाती घ्यावं. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत: अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि कोर्सवर्कसाठी (पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) गरज पडल्यास कामातून मोकळं केलं जाईल. तिसरं वाक्य संस्थाचालक हटकून गाळतात. ते नसेल तर प्रमाणपत्र परत येतं, किंवा कोर्सवर्कच्या वेळी रजेवरून भांडण होतं.

तपासा: आठवड्याचे पंधरा तास कुठून काढणार हे वार आणि वेळेसह लिहून झालं आहे का? 'जमेल तसं' म्हणणाऱ्यांचं जमत नाही.

## टप्पा ५: विषय बारीक करणं

पहिला मसुदा जवळजवळ नेहमी असा असतो: 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आंब्यावरील रोगांचे निदान.' यावर जगभरात भरपूर काम झालेलं आहे आणि समितीतला कोणीही पहिल्याच मिनिटाला विचारतो, 'यात नवीन काय?' विषय बारीक करायचा म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. कोणता रोग? कोणत्या परिस्थितीत? आधीची पद्धत नेमकी कुठे मोडते? आणि ती सुधारली हे कोणत्या आकड्यावरून कळणार?

तोच विषय असा होतो: 'मोबाइलने घेतलेल्या छायाचित्रांवरून हापूसच्या मोहोरावरील भुरी आणि करप्यातला फरक ओळखणे: एका तालुक्यात शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या तालुक्यात टिकवण्याच्या पद्धती.' आता रोग दोनच आहेत, अवयव एक आहे, अडचण नेमकी आहे आणि मोजमापही ठरलं: अनोळखी तालुक्यावरचा मॅक्रो एफ-वन, म्हणजे प्रत्येक गटाला सारखं वजन देऊन काढलेला गुण. नापास होण्याची शक्यता असलेला प्रश्न हाच चांगला प्रश्न.

आंबा नको असेल तर मालवणी बोलीसाठी वाक्-ओळख, रेंज तुटणाऱ्या गावांत डेटा साठवून नंतर पाठवणारी प्रणाली, घाटातल्या दरडींसाठी कमी विजेवर चालणारे सेन्सर, असे विषय इथे पावलोपावली आहेत. त्यांचा फायदा एवढाच की डेटा तुमच्या हाताशी आहे आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत नाही. पण स्थानिक असणं म्हणजे नवीन असणं नव्हे. संगणकशास्त्राच्या परीक्षकाला पद्धतीत भर हवी असते. तयार मॉडेल कोकणातल्या डेटावर चालवून आकडा छापला, तर तो एमएस्सीचा प्रकल्प झाला.

सिनॉप्सिस दहा-बारा पानांत बसवा आणि त्यात टप्पा ४ चं कॅलेंडर महिन्यांसह घाला. 'डेटा संकलन: सहा महिने' असं मोघम लिहिलेलं सिनॉप्सिस आणि 'मोहोर हंगाम पहिला, मोहोर हंगाम दुसरा' असं लिहिलेलं सिनॉप्सिस यांतला फरक समितीला लगेच कळतो.

सावध: नोंदणी ऑगस्टमध्ये आणि मंजुरी मार्चमध्ये, असं झालं तर पहिला मोहोर हातचा जातो. मंजुरीची वाट न बघता पहिल्या हंगामात पथदर्शी म्हणून पाचसहाशे छायाचित्रं घेऊन ठेवा. ती प्रबंधात गेली नाहीत तरी चुका कळतात.

## टप्पा ६: कोर्सवर्क आणि वाचन

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नैतिकता हे दोन्ही असतात, आणि उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के लागतात. सल्लागार समितीने शिफारस केली तर काही क्रेडिट यूजीसीमान्य ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेता येतात. लांब राहणाऱ्यांनी हे जरूर विचारावं, पण परीक्षेचं केंद्र कुठे आहे ते आधी बघून.

वाचनासाठी 'एक देश एक सदस्यता' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्थांना तीस प्रकाशकांची १३,००० च्या वर नियतकालिकं त्यातून मिळतात. खासगी महाविद्यालयात नोकरी आणि सरकारी विद्यापीठात नोंदणी असेल तर प्रवेश विद्यापीठाच्या खात्यातून घ्यायचा. ग्रंथपालांकडून घरून वापरायचं लॉगिन पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

पीडीएफ साठवणं म्हणजे वाचन नव्हे. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ टाका आणि सोबत एक स्प्रेडशीट ठेवा. रकाने: प्रश्न, डेटासेट, पद्धत, मोजमाप, आकडा, कोड उपलब्ध आहे का, आणि त्यांनी काय केलं नाही. शेवटचा रकाना भरता आला नाही तर तो निबंध परत वाचायचा. असे चाळीस निबंध झाले की दुसऱ्या प्रकरणाचा, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा, सांगाडा तयार असतो. शोधासाठी वापरलेले शब्द आणि तारीखही नोंदवा, कारण दर सहा महिन्यांनी तोच शोध पुन्हा चालवायचा आहे. आयटीत दोन वर्षांपूर्वीचं 'सर्वोत्तम' आज तुलनेलाही उरत नाही.

## टप्पा ७: डेटा आणि प्रयोग

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात महागाच्या चुकाही इथेच होतात. वरचंच आंब्याचं उदाहरण घेऊ.

बागेत जाण्यापूर्वी बागायतदाराची लेखी संमती घ्या, मराठीत, एका पानात: छायाचित्रं कशासाठी, कोणाला दिली जातील, बागेचं नाव येणार की नाही. फळबाग हा धंदा आहे. 'अमक्याच्या कलमांवर करपा आहे' हे बाहेर गेलं तर पेटीचा भाव पडतो, ही त्यांची भीती खरी आहे. बागेला सांकेतिक क्रमांक द्या आणि खरं नाव असलेली वही वेगळी ठेवा. छायाचित्र प्रकाशित करण्यापूर्वी त्यातली जीपीएसची नोंद काढून टाका.

प्रत्येक छायाचित्राच्या नावातच बाग, कलम, तारीख आणि फोन यांची खूण असू द्या: बाग०३_कलम१७_०११२_फोन२ असं काहीतरी. संध्याकाळी घरी जाऊन नावं देऊ म्हणणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कुठलं कलम कुठलं ते आठवत नाही. निदान दोन वेगळे फोन वापरा आणि सकाळ, दुपार, ढगाळ असे वेगळे प्रकाश येऊ द्या.

लेबल एकट्याने लावू नका. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र जवळ आहेत. तिथल्या दोन जाणकारांनी एकमेकांचं न बघता तीच २०० छायाचित्रं तपासावीत. त्यांच्या मतांतला मेळ कोहेनच्या कॅपाने काढा. ०.६ च्या खाली आला तर हजारो लेबलं लावण्याआधी थांबायचं आणि 'भुरी कशाला म्हणायचं' याची सूचनापत्रिका उदाहरणांसह नव्याने लिहायची. दोन माणसांत जे ठरत नाही ते मॉडेल ठरवू शकणार नाही.

आता ती चूक, जिच्यामुळे अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागतं. समजा ४० कलमं, प्रत्येकाची ३० छायाचित्रं, एकूण १२००. ही पत्त्यांसारखी पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला घेतली, तर जवळजवळ प्रत्येक कलम दोन्हीकडे येतं. मागचं कुंपण, चिऱ्यांचा गडगा, उन्हाची तिरीप, सगळं मॉडेलने आधीच पाहिलेलं असतं. ते रोग ओळखत नाही, कलम ओळखतं. आकडा झकास येतो आणि दुसऱ्या बागेत नेल्यावर मॉडेल आपटतं. म्हणून विभागणी छायाचित्रांची नव्हे, कलमांची करायची, आणि शक्य असेल तर बागांची: चार बागा शिकवायला, एक निवड ठरवायला, दोन शेवटपर्यंत न उघडता बाजूला. त्या दोन बागांवर मॉडेल एकदाच चालवायचं. आकडा आवडला नाही म्हणून बदल करून पुन्हा चालवलं, की त्या बागांचा चाचणी म्हणून उपयोग संपला.

प्रयोगांचे आकडे देताना प्रत्येक प्रयोग निदान पाच वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यांवर) चालवा आणि सरासरीसोबत प्रमाण विचलन लिहा. ०.३ टक्क्यांची सुधारणा आणि ०.८ चं विचलन असेल तर ती सुधारणा नाही. निरोगी छायाचित्रं नेहमीच जास्त असतात, त्यामुळे नुसती अचूकता सांगू नका. साध्यात साधी जुनी पद्धतही तुलनेत ठेवा. ती ठेवली नाही तर परीक्षक विचारतोच.

यंत्राची तयारी. जीपीयू पूर्ण भारावर असताना घरचा ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटंच टिकतो. तेवढा वेळ सेव्ह करून बंद करण्यासाठी असतो, काम चालू ठेवण्यासाठी नव्हे. त्यामुळे ट्रेनिंग दर अर्ध्या तासाने चेकपॉइंट (तोवरच्या कामाची साठवलेली प्रत) ठेवेल असंच लिहा. बरेचजण फक्त वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) साठवतात. लाइट आल्यावर पुन्हा सुरू केलं की लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) उसळी मारतो, कारण ऑप्टिमायझरची स्थिती, लर्निंग रेटची पायरी, इपॉक क्रमांक आणि रँडम स्थिती साठवलेलीच नसते. चारही साठवा. मग मुद्दाम प्लग काढून एकदा चाचणी घ्या. गूगलच्या मोफत कोलॅबवर सत्र जास्तीत जास्त बारा तासांचं, तेही हमीशिवाय, आणि सत्र संपलं की तिथल्या फाइली गेल्या. चेकपॉइंट थेट गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या.

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे शेजारच्या खोलीत नव्हे. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत हार्ड डिस्कचे कनेक्टर गंजतात आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा डिस्क लावून फाइली खरंच उघडतात का ते बघा. कोड गिटवर, आणि प्रत्येक प्रयोगासोबत कोडची आवृत्ती, सीड, लायब्ररींच्या आवृत्त्या नोंदलेल्या. तीन वर्षांनी परीक्षक 'तक्ता ४.२ मधला हा आकडा कसा आला' असं विचारेल तेव्हा याच नोंदीवर भिस्त असते.

## टप्पा ८: शोधनिबंध कुठे पाठवायचा

२०२२ च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, आणि नोकरीत तर निबंध मोजले जातातच. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. 'आमचं जर्नल केअरमध्ये आहे' असं अजूनही सांगणारा भेटला तर ते कारणच तिथून दूर राहायला पुरेसं.

जर्नल स्कोपस या संशोधन-सूचीच्या स्रोत-यादीत स्वतः शोधा, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) जुळवा आणि संकेतस्थळाचा पत्ता स्कोपसच्या नोंदीवरूनच उघडा. प्रतिष्ठित जर्नलची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळं असतात. पाच दिवसांत स्वीकृती आणि व्हॉट्सअॅपवर फीचा क्यूआर कोड, ही त्यांची ओळख. संगणकशास्त्रात चांगल्या परिषदांना जर्नलइतकाच मान असतो, पण आपलं विद्यापीठ त्या धरतं का ते आधी विचारा. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका.

## टप्पा ९: प्रबंध ते तोंडी परीक्षा

मुदतीचा हिशेब आधी. कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. पुनर्नोंदणीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी द्यायचा असतो. सहा महिने आधीची तारीख फोनमध्ये लावून ठेवा.

लिहिण्याचा क्रम प्रकरणांच्या क्रमाने नको. आधी तक्ते आणि आकृत्या पक्क्या करा, मग पद्धत, मग निष्कर्षांचं प्रकरण, त्यानंतर पूर्वसंशोधनाचा आढावा, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात करणारे ती चार वेळा लिहितात.

साहित्यचौर्याच्या बाबतीत यूजीसीचे २०१८ चे नियम लागू आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणं आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. स्वतःचेच छापलेले निबंध मात्र साम्यात दिसतात, त्यामुळे ते वगळण्यासाठी गाइडचं पत्र कसं लागतं हे ग्रंथालयाला आधी विचारा. वाक्यांतले शब्द बदलणाऱ्या यंत्राने टक्केवारी उतरवण्याचा मोह टाळा. 'डेटा संच' एका पानावर आणि 'माहिती समूह' पुढच्यावर, अशी भाषा परीक्षक लगेच ओळखतो.

तपासा, सादर करण्यापूर्वी: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, नोंदणीपत्रावरचं नाव आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचं नाव अक्षरशः एकच आहे का? लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडली आहे का? शीर्षक मंजूर पत्रातल्यासारखंच आहे का? एका शब्दाचा फरक असला तरी शीर्षकबदलाची वेगळी मंजुरी लागते आणि त्यात एक-दोन बैठका जातात.

समितीसमोर पूर्व-सादरीकरण झालं की प्रबंध गाइडकडे आणि विद्यापीठाबाहेरच्या निदान दोन परीक्षकांकडे जातो. सादर केल्यापासून तोंडी परीक्षेपर्यंत सगळं सहा महिन्यांत व्हावं अशी अपेक्षा आहे. पाचव्या महिन्यात विभागाला लेखी विचारणा करायला संकोचू नका.

तोंडी परीक्षेसाठी चाळीस स्लाइड नकोत, वीस पुरतात. प्रत्येक परीक्षकाच्या अहवालातला प्रत्येक प्रश्न, त्याचं उत्तर आणि प्रबंधातलं पान असा तक्ता छापून न्या. मॉडेल प्रत्यक्ष चालवून दाखवायचं असेल तर ते इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर चालायला हवं, शिवाय त्याचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर. आडव्या प्रश्नांची रंगीत तालीम गाइडसमोर नको, दुसऱ्या विषयातल्या सहकाऱ्यासमोर करा, कारण गाइडला उत्तरं आधीच माहीत असतात.

त्यानंतर सुचवलेल्या दुरुस्त्या, गाइडची सही, आणि शोधगंगेसाठी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत. ती प्रकरणवार वेगळ्या फाइलींत मागतात, त्यामुळे एकच मोठी पीडीएफ घेऊन गेलात तर विद्यापीठात आणखी एक हेलपाटा पडतो.